कात्रीआधी डोळा

न्यू जर्सी राज्यात माझ्या मुलीचे घर आहे आणि त्या घराच्या दर्शनी पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना दोन झुडपे आहेत. मार्चच्या मध्यास, साचलेले बर्फ वितळून खालची काळी माती नुकती कोठे दृष्टीस पडू लागलेली असते, त्या वेळी ही दोन्ही झुडपे इतकी निष्पर्ण, इतकी करडी आणि एकमेकांसारखी दिसतात की, ही एकाच आईची जुळी लेकरे आहेत असे अनोळखी माणसाने शपथेवर सांगावे. रोपवाटिकेच्या पावतीवर दोघांचे नावही एकच होते: हायड्रेंजिया. सेवानिवृत्तीनंतर मुलीकडे प्रथमच दीर्घ मुदतीसाठी राहावयास गेलो, त्या वर्षी मार्चमधल्या एका उबदार सकाळी मी हाती कात्री घेतली आणि दोन्ही झुडपांची, कोणताही भेदभाव न करता, गुडघ्याइतक्या उंचीवर छाटणी करून टाकली. जुलै संपता संपता उजव्या हाताचे झुडूप वीत-वीत लांबीच्या शुभ्र तुऱ्यांनी असे डवरून आले की, रस्त्याने जाणारी माणसे पाऊल थांबवून पाहू लागली. डाव्या हाताच्या झुडपावर मात्र रुंद, तकतकीत, हिरवीगार पाने आली, आणि पानांखेरीज दुसरे काहीही आले नाही. "बाबा, मागच्या वर्षी हे अगदी निळंनिळं झालं होतं हो," एवढेच मुलगी म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तथापि ते वाक्य माझ्या मनात पुढे कित्येक दिवस सलत राहिले.

शेजारच्या घरात एक वृद्ध बाई राहतात, ज्यांची हयात बागेत गेली आहे. त्यांनी कुंपणापलीकडून या कोड्याचा उलगडा केला. दोन्ही झुडपे एकाच कुळातली खरी, परंतु उजवीकडचे, म्हणजे शंकूच्या आकाराचे तुरे येणारे पॅनिकल हायड्रेंजिया, त्या त्या वर्षी फुटलेल्या नव्या काडीवर फुलते. आणि डावीकडचे, म्हणजे गोल गुच्छांचे, निळ्या फुलांचे, गतवर्षीच्या जुन्या काडीवर. मार्चमध्ये मी दोघांचीही जुनी काडी कापली, त्यात पहिल्याचे काहीच गेले नाही, कारण त्याची फुले अद्याप जन्मालाच यावयाची होती. परंतु दुसऱ्याची फुले आदल्या उन्हाळ्याच्या अखेरीसच काडीच्या शेंड्यावरील डोळ्यांत बीजरूपाने तयार होऊन, सारा हिवाळा तेथे निजून, जूनची वाट पाहत होती, आणि ती तयार फुले मी माझ्या हातांनी कापून कचऱ्याच्या पोत्यात भरली होती.

हे ऐकताना मला जे वाईट वाटले त्याचे कारण केवळ निळी फुले गेली एवढेच नव्हते. मी नाशिक जिल्ह्यात, द्राक्षबागाईतदारांच्या घरात वाढलो. ज्या घरात पंचांगाच्या बरोबरीने छाटणीच्या तारखा पाहिल्या जात, त्या घरातल्या माणसाने काडी न पाहता कात्री चालवावी, हे मला माझ्या काकांशी केलेले बेइमानीचे वर्तन वाटले. लहानपणी त्यांच्यामागून बागेत हिंडताना मी एकदा उतावीळपणे कात्री उचलली, तेव्हा त्यांनी माझा हात धरला, माझा अंगठा एका काडीच्या पेरावर टेकविला आणि म्हणाले, "आधी डोळा बघ. कात्री काय, ती कुठंही चालते." त्या पेरावरचा फुगीर, टणक, लोकरीसारख्या लवेने झाकलेला डोळा माझ्या अंगठ्याच्या त्वचेला आजही आठवतो.

महाराष्ट्रातील द्राक्षाची शेती मुळात या एका वाक्यावर उभी आहे. आपल्याकडे वेलीला समशीतोष्ण कटिबंधातल्यासारखी हिमनिद्रा मिळत नाही, म्हणून तिच्या वर्षाचे दोन भाग माणसाने कात्रीने पाडले. माल निघाल्यानंतर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, त्या वेळी ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या खोडावर, एक-दोन डोळे राखून बाकी सारी काडी उतरविली जाते. त्या डोळ्यांतून फुटलेल्या काडीत, उन्हाळ्याच्या प्रखर प्रकाशात, पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्मरूपाने घडतात. आणि ऑक्टोबरच्या सुमारास जी फळछाटणी होते, ती त्या पक्व काडीवर घड ज्या डोळ्यात दडलेला आहे तो डोळा राखून केली जाते. घड नेमका कितव्या डोळ्यात आहे हे नुसत्या नजरेला दिसत नाही, म्हणून आता जाणते बागाईतदार छाटणीपूर्वी काड्या प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात आणि मगच कात्री किती डोळ्यांवर लावावयाची हे ठरवितात. ज्याचे वर्षाचे कर्ज, मुलांचे शिक्षण आणि घराची अब्रू त्या एका कापावर अवलंबून असते, त्याला हे ज्ञान चैनीचे वाटत नाही. तेच ज्ञान आपण फुलझाडाच्या, सावलीच्या झाडाच्या आणि रस्त्याकडेच्या वृक्षाच्या बाबतीत अनावश्यक समजतो, आणि माझी तक्रार नेमकी ही आहे.

मला जे म्हणावयाचे आहे ते येथेच स्पष्ट सांगतो. छाटणी हे कात्रीचे काम नाही, ओळखीचे काम आहे. आणि ज्या झाडाचे फूल कोणत्या काडीवर येते हे आपणांस ठाऊक नाही, त्या झाडाला हात लावण्याचा अधिकार आपणांस पोहोचत नाही, मग ते झाड आपल्या मालकीच्या जमिनीत का उभे असेना. सर्वांना सारखी कात्री हा न्याय दिसावयास समतेचा दिसतो, वस्तुतः तो अज्ञानाचा न्याय आहे.

आता ज्या झुडपाने माझ्या अज्ञानाला क्षमा केली, त्याची ओळख करून देणे माझे कर्तव्य आहे. त्याचे शास्त्रीय नाव हायड्रेंजिया पॅनिक्युलाटा. हायड्रेंजिया हा शब्द पाणी आणि पात्र अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून सिद्ध झाला आहे, कारण या कुळाच्या इवल्याशा बीजकोशाचा घाट पाण्याच्या घटासारखा असतो. आपल्याकडे कोणी नाव ठेविले असते तर कलशाची आठवण त्याला खचित झाली असती. याची मूळ भूमी जपान, चीन आणि साखालिन बेट. नागासाकीच्या बंदरात देजिमा नावाच्या चिमुकल्या बेटावर डच लोकांची वखार होती. त्या वखारीत १८२३ पासून वैद्य म्हणून नोकरीस असलेल्या फिलिप फ्रांझ फॉन सीबोल्ट या जर्मन गृहस्थाने १८२९ मध्ये या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी, जपानचे नकाशे जवळ बाळगल्याच्या आरोपावरून, त्याच्यावर हद्दपारीचा हुकूम बजावण्यात आला. जपानी भाषेत या झुडपाला 'नोरि-उत्सुगी' म्हणतात. नोरि म्हणजे खळ. त्याच्या आतल्या सालीतून निघणारा चिकट रस हातकागदाच्या लगद्यात मिसळण्याची तेथील कारागिरांची जुनी वहिवाट आहे, आणि युरोपीय उद्यानप्रेमी त्याच्या तुऱ्यांवर लुब्ध झाले त्याच्या कितीतरी आधीपासून हे झाड कागद घडविणाऱ्यांच्या हाताखाली राबत होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा 'ग्रँडिफ्लोरा' हा भरगच्च तुऱ्यांचा प्रकार युरोपात व अमेरिकेत पसरला. जुन्या शेतघरांच्या अंगणांत आणि दफनभूमींत त्याची वयोवृद्ध झाडे अमेरिकेत आजही दिसतात, आणि शास्त्रीय नावांतल्या आद्याक्षरांवरून लोकांनी त्याला 'पीजी' असे घरगुती नाव ठेविले आहे. बोस्टन येथील अर्नोल्ड वृक्षोद्यानाचे प्रमुख चार्ल्स सार्जंट १८९२ मध्ये जपानला गेले. तेथून आलेल्या होक्काइडोच्या बियांपासून 'प्रीकॉक्स' हा इतरांहून कित्येक आठवडे आधी फुलणारा प्रकार निघाला. विसाव्या शतकात बेल्जममधील रॉबर्ट आणि येलेना द बेल्डर या दांपत्याने अनेक देखणे प्रकार निवडून काढले, आणि आज अमेरिकेतील घराघरांपुढे जो फिकट लिंबोणी रंगाचा 'लाइमलाइट' दिसतो तो हॉलंडमधील पीटर झ्वाइनेनबुर्ख यांच्या हातचा. न्यू जर्सीत मराठी कुटुंबांची संख्या आता मोठी आहे. त्यांपैकी अनेकांच्या दारापुढे तुळशीचे कुंडे उन्हाळ्यापुरते बाहेर येते आणि हे झुडूप बारा महिने उभे असते, इतके ते आपल्या माणसांच्याही परिचयाचे झाले आहे.

त्याच्या फुलात पाकळ्यांचा जो आभास होतो, तो वास्तविक निदलांचा आहे. एकाच तुऱ्यात दोन जातींची फुले असतात: मोठी, शुभ्र, दर्शनी, परंतु वांझ, आणि त्यांच्याआड लपलेली, मोहरीएवढी, मध व पराग देणारी, फलधारी. 'ग्रँडिफ्लोरा'त जवळजवळ सारीच फुले वांझ असल्यामुळे तुरा भरघोस दिसतो, पण पावसाचे पाणी प्यायला की मान टाकतो. ज्यांचा तुरा विरळ, जाळीदार असतो अशा 'टार्डिव्हा'सारख्या प्रकारांवर मधमाश्यांची दिवसभर वर्दळ असते. मला विचाराल तर एक झुडूप माणसांसाठी लावावे आणि एक मधमाश्यांसाठी. रंगाच्या बाबतीतही या दोन भावंडांचा स्वभाव भिन्न आहे. गोल गुच्छांचे हायड्रेंजिया आम्लधर्मी मातीतून ॲल्युमिनियम शोषून निळे होते आणि चुनखडीच्या मातीत गुलाबी; पॅनिकलच्या रंगावर मातीची अशी सत्ता चालत नाही. ते पांढरे किंवा लिंबोणी उमलते, आणि ऑगस्ट सरून रात्री थंडावू लागल्या की आपले आपणच गुलाबी होते, मग तांबूस, आणि अखेरीस कोऱ्या कागदाच्या बदामी रंगाचे.

लागवड फारशी कठीण नाही. उणे ३० अंश सेल्सियसच्या खाली जाणारी थंडी सोसणारे, दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळाले की संतुष्ट होणारे, मात्र मुळांशी पाणी तुंबलेले न खपणारे असे हे झुडूप आहे. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद घ्यावा, पण त्याहून खोल घेऊ नये. रोपवाटिकेत ते जितके मातीत होते तितकेच राहू द्यावे. आळ्यावर दोन-तीन बोटे जाडीचे पालापाचोळ्याचे अथवा लाकडाच्या कपच्यांचे आच्छादन करावे आणि ते खोडाला टेकू देऊ नये. पहिली दोन वर्षे आठवड्यातून एकदा, परंतु मुळांपर्यंत मुरेल असे पाणी द्यावे. रोजचा शिडकावा मुळांना वरच्या वर राहण्याची सवय लावतो. खत वसंतात एकदा, बेताचे. नत्र अधिक झाले की पाने माजतात आणि काड्या कमजोर होतात. या भागात हरणांचा उपद्रव आहे, आणि कोवळे शेंडे त्यांना प्रिय आहेत, म्हणून लहानपणी झुडपाभोवती जाळी हवी.

छाटणीची मुदत म्हणजे हिवाळ्याची अखेर. न्यू जर्सीत ती फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या उत्तरार्धापर्यंत, डोळे फुगू लागण्यापूर्वी. शरदात तुरे वाळले की ते उतरविण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण त्या बदामी तुऱ्यांवर पहाटेचे दव गोठून जे रूप येते ते उन्हाळ्यातल्या फुलांच्या तोडीचे असते, आणि उशिरा केलेल्या कापाच्या जखमा भरून येण्यापूर्वीच थंडीच्या हाती सापडतात. मार्चमध्ये झुडपापाशी जावे आणि प्रथम कात्री खिशात ठेवून त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घालावी. मेलेली काडी कोणती हे नखाने साल किंचित खरवडून पाहिले की कळते: आत हिरवे दिसले तर ती जिवंत, तपकिरी व कोरडी दिसली तर गेलेली. मेलेल्या, मोडलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि पेन्सिलीहून बारीक अशा काड्या बुडापासून काढाव्यात, म्हणजे झुडपाच्या पोटात उजेड आणि वारा शिरतो. मग उरलेल्या बळकट काड्यांचा शेंड्याकडील सुमारे तिसरा हिस्सा उतरवावा. यांचे डोळे समोरासमोर जोडीने, क्वचित तिघांच्या वर्तुळात असतात. कात्री त्या जोडीच्या किंचित वर चालावी, इतकी जवळ नको की डोळा दुखावेल आणि इतकी दूर नको की वरचा तुकडा वाळून कुजेल. लावून दोन-तीन वर्षेच झालेल्या रोपाला मात्र एवढाही काप नको. त्याचे प्रथम मूळ बसू द्यावे, सांगाडा बांधला जाऊ द्यावा.

किती कापावे, हा खरा विचाराचा भाग आहे, आणि त्याचे स्वरूप जमाखर्चाचे आहे. हिवाळ्याच्या अखेरीस मुळांत आणि जुन्या लाकडात जी शिल्लक असते तीच वसंतात खर्चावयास मिळते. डोळे थोडे ठेविले तर प्रत्येकाच्या वाट्याला रस अधिक येतो, तुरे मोठे होतात; परंतु इतका भार पेलण्याची पक्वता त्या लांब, कोवळ्या काडीत नसते आणि ऑगस्टमधल्या पहिल्या वादळी पावसात तुरा जमिनीला टेकतो. डोळे पुष्कळ ठेविले तर तुरे आकाराने लहान पण संख्येने अधिक येतात, आणि काडी ते तोलून धरते. मी पहिल्या वर्षी गुडघ्याइतके कापले, म्हणून तुरे वीतभर आले आणि निम्म्याहून अधिक वाकले. रस्त्याने जाणाऱ्यांना तो बहर दिसला, त्या काड्यांना मी सप्टेंबरपर्यंत दिलेले बांबूचे टेकू मात्र कोणाच्या लक्षात आले नाहीत. आता तिसऱ्या हिश्शाहून अधिक मी कापत नाही. मोठे फूल आणि उभे राहणारे फूल यांत निवड करावयाची वेळ आली तर उभे राहणाऱ्याची करावी, असे माझे मत अनुभवाअंती बनले आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारार्ह आहे. होक्काइडोच्या अरण्यात हे झाड कोण छाटते, असे विचारणारे सांगतात की, निसर्गाला त्याच्या मार्गाने जाऊ द्यावे. त्यांचे निरीक्षण खोटे नाही. न छाटलेले पॅनिकल हायड्रेंजिया मरत नाही आणि फुलावयाचेही थांबत नाही. परंतु अरण्यात त्याला चार-पाच मीटर उंच वाढण्याची मोकळीक असते, तेथे बर्फ जुन्या फांद्या मोडतो, हरणे कोवळे शेंडे खुडतात, आणि तेथे त्याने कोणाच्या खिडकीखाली, कोणाच्या पायरीशी बसावे अशी अपेक्षा नसते. आपण त्याला तेथून उचलून आपल्या दारात आणले, तेव्हाच त्याच्या वाढीची जबाबदारी आपल्या खाती नोंदली गेली. माझ्यासारखी ठेच लागलेली कित्येक माणसे पुढे भीतीने कोणत्याच झाडाला हात लावीत नाहीत, आणि झुडपाच्या पोटात मेलेल्या काड्यांचे जाळे होऊन फुले वर्षानुवर्षे लहान होत जातात. भिऊन न कापणारा आणि न पाहता कापणारा, दोघांनीही डोळ्याकडे पाहिलेले नसते.

न पाहता कापण्याची तर आता रीतच पडली आहे. अमेरिकेत उपनगरांतील पुष्कळ घरांची हिरवळ व झुडपे ठेकेदारांकडे सोपविलेली असतात. नोव्हेंबरात मोटारीतून माणसांची टोळी येते, यंत्राची करवती कात्री सुरू होते, आणि अर्ध्या तासात घरासभोवतीची सारी झुडपे, मग ती सदाहरित असोत की फुलणारी, नव्या काडीची असोत की जुन्या काडीची, एकाच मापाचे गोळे होऊन बसतात. ज्या वसंतात रस्ताभर रंग दिसावयाचा, त्या वसंतात गोळ्यांवर पाने येतात. घरमालकाला वाटते रोप निकृष्ट होते. तो ते उपटून नवे आणतो. या व्यवहारात त्या मजुरांचा दोष मी धरीत नाही. त्यांना मजुरी तासांवर मिळते, झाडामागे एक क्षण थांबून पाहण्याचा मोबदला करारात नसतो, आणि आपल्या अंगणातले कोणते झाड केव्हा फुलते हे घरमालकाने स्वतःच कधी जाणून घेतलेले नसते, मग तो सांगणार काय? रोप विकणाऱ्यांचीही यात जबाबदारी आहे. चिठ्ठीवर उंची, ऊन आणि रंगीत छायाचित्र असते. फूल नव्या काडीवर की जुन्या, एवढे चार शब्द त्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत छापणे सक्तीचे असावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे, कारण त्या चार शब्दांवाचून विकलेले फुलझाड म्हणजे अर्धाच दस्तऐवज हाती देण्यासारखे आहे.

महाराष्ट्राच्या मैदानी हवेत हे झुडूप रमणारे नाही, त्याला हिवाळ्याची खरी झोप हवी असते. तेव्हा पुण्यामुंबईच्या वाचकांनी ते आणून लावावे असे मी सुचवीत नाही. परंतु त्याने शिकविलेला धडा आपल्या प्रत्येक अंगणात लागू आहे. आंब्याचा मोहर गतकाळात वाढून पक्व झालेल्या डहाळीच्या शेंड्यावर येतो; म्हणून त्याची छाटणी फळे उतरल्यावर लगेच झाली पाहिजे, आणि जो सोसायटीच्या आवारातला आंबा वाहनांना अडथळा होतो म्हणून डिसेंबरात शेंड्याशेंड्याने कापतो, तो वैशाखातल्या कैऱ्या मार्गशीर्षातच तोडीत असतो. गुलाब नव्या फुटव्यावर फुलतो, म्हणून पावसाळा संपताच ऑक्टोबरात केलेली छाटणी त्याला मानवते. मोगऱ्याला थंडीत पाणी तोडून छाटले की उन्हाळ्यात नव्या फुटीबरोबर कळ्या येतात. तोच मोगरा फुटवे निघाल्यावर, कळ्या धरण्याच्या सुमारास छाटला तर ओंजळभर फुलांऐवजी ओंजळभर पाने हाती येतात. हे सारे आपल्या आजीला ठाऊक होते. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणीला ते ठाऊक नाही, कारण तेथे छाटणीचा ठराव झाडाच्या बहराकडे पाहून होत नसून ठेकेदाराला सवड केव्हा आहे आणि दर काय आहे यावरून मंजूर होतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने, शाळेने आणि कचेरीने आपल्या आवारातल्या झाडांची एक वही ठेवावी. प्रत्येक झाडामागे एकच ओळ, आणि त्या ओळीत तीन रकाने: बहर केव्हा, फूल कोणत्या काडीवर, आणि कात्री केव्हा. जेथे पैशाच्या पै-पैचा ताळेबंद ठेविला जातो, तेथे पन्नास झाडांची ही नोंद दप्तरी ठेवणे अवघड नाही. छाटणीच्या ठेक्यात ही वही जोडावी, आणि जो माळी कात्री उचलण्यापूर्वी झाडाभोवती एक प्रदक्षिणा घालतो, त्याला त्या प्रदक्षिणेचाही मोबदला द्यावा. माळीकाम हे बिगारकाम नाही. द्राक्षाच्या बागेत छाटणाऱ्या कुशल हाताला जो मान आणि जी मजुरी मिळते, ती फुलझाड राखणाऱ्या हाताला नाकारण्याचे काही कारण मला दिसत नाही.

गेल्या जूनमध्ये मुलीच्या पायऱ्यांच्या डाव्या अंगाचे झुडूप पुन्हा निळे झाले, आणि पुढे जुलैत उजव्या अंगाचे पांढरे. दोघांनी आपापल्या वेळी आपापले फूल दिले. परंतु त्याआधीची, नोव्हेंबरातली एक घटका मला त्या फुलांइतकीच मोलाची वाटते. ठेकेदाराची टोळी येणार हे ठाऊक असल्यामुळे मी डावीकडच्या झुडपाच्या प्रत्येक काडीला लाल चिंधी बांधून ठेविली होती. टोळीतला एक तरुण यंत्र हातात घेऊन तेथे आला, चिंध्या पाहून थबकला आणि प्रश्नार्थक मुद्रेने माझ्याकडे पाहू लागला. त्याची भाषा स्पॅनिश, माझी मराठी, आणि इंग्रजी दोघांचीही उसनी. मी काही न बोलता एक काडी वाकविली, त्याच्या हातातला मोजा काढावयास खुणेने सांगितले आणि त्याचा अंगठा शेंड्यावरच्या फुगीर डोळ्यावर टेकविला. त्याने तो डोळा चाचपला, यंत्र बंद करून खाली ठेविले, आणि दूरवर काम करणाऱ्या आपल्या सोबत्याला हाक मारली. मग त्याच्या भाषेत, जिचा एकही शब्द मला कळत नव्हता, काहीतरी सांगत त्याने त्या सोबत्याचा अंगठा धरला आणि त्याच डोळ्यावर ठेविला.